काटस बांबू बियांपासून वाढवताना: ओळख, पेरणी आणि पहिली सहा वर्षे

बांबू लावायचा म्हटले की बहुतेक जण कंद, पेरांचे तुकडे किंवा उतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वनस्पतीच्या ऊतींपासून वाढवलेली) रोपे यांचाच विचार करतात. बियांचा विचार सहसा होत नाही, कारण बांबूचे बी दरवर्षी मिळत नाही. काटस हा आपल्या जंगलांतला सर्वांत थोराड बांबू आहे. त्याला कुठे कळक, तर कुठे कटांग म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव बॅम्बुसा बॅम्बोस असे आहे. तो साधारण ३० ते ४५ वर्षांतून एकदा फुलतो, एकाच हंगामात अमाप बी टाकतो आणि त्यानंतर अख्खे बेट वाळून जाते. म्हणून ज्या वर्षी जवळपासच्या रानात काटस फुललेला असेल, ते वर्ष नव्याने लागवड करू पाहणाऱ्याने वाया घालवू नये.

बियांपासून लागवड करण्याचे सर्वांत मोठे कारण वयाचे आहे. कंद किंवा फांदी लावली की नवे बेट दिसायला लहान असले तरी त्याचे वय मूळ बेटाइतकेच असते, आणि मूळ बेट ज्या सुमारास फुलेल त्याच सुमारास तेही फुलून मरते. तीस वर्षांच्या बेटाचा कंद आणून लावणाऱ्याला त्याच्याकडून किती वर्षे उत्पन्न मिळेल, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. बियांपासून आलेल्या रोपाचे आयुष्य मात्र शून्यापासून सुरू होते. शिवाय प्रत्येक दाणा वेगळा असल्यामुळे शेकडो रोपांतून जोमदार रोपे निवडता येतात, जे एकाच बेटाच्या कंदांत शक्य नसते.

हा सगळा लाभ एका अटीवर अवलंबून आहे: हातातले बी नक्की कोणत्या बांबूचे आहे आणि किती जुने आहे, हे ठाऊक असले पाहिजे. केवळ दाण्याकडे पाहून जातीची खात्री करता येत नाही. त्यामुळे ओळख तीन टप्प्यांवर पटवावी लागते, ती म्हणजे फुललेल्या बेटापाशी, बी हातात आल्यावर आणि रोप उगवल्यावर. पुढची मांडणी याच क्रमाने केली आहे.

कोणत्या बांबूचे बी मिळते आणि कोणत्याचे मिळत नाही

‘राक्षसी बांबूचे बी’ या नावाने जे विकले जाते त्यातले बरेचसे त्या बांबूचे नसतेच. जगातल्या सर्वांत मोठ्या बांबूंपैकी एक असलेला डेंड्रोकॅलॅमस जायगँटियस हा म्यानमार, थायलंड आणि चीनच्या युन्नान प्रांताकडचा आहे. तो ३० मीटरपर्यंत वाढतो, त्याची जाडी २० ते ३० सेंटिमीटर भरते आणि श्रीलंकेतील पेराडेनिया येथील वनस्पती उद्यानातली त्याची बेटे प्रसिद्ध आहेत. मात्र त्याचे बी अत्यंत दुर्मीळ आहे. डेंड्रोकॅलॅमस अ‍ॅस्पर हा दुसरा थोराड बांबू कोंबांसाठी मोठ्या प्रमाणावर लावला जातो, पण त्याचीही लागवड प्रामुख्याने कांड्यांपासून आणि उतिसंवर्धित रोपांपासून होते. या दोहोंचे बी बाराही महिने उपलब्ध आहे असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

काही बांबूंच्या बाबतीत तर नियम सोपाच आहे. बाल्कोआ बांबू, ज्याच्या एका निवड वाणाची ‘भीमा’ या नावाने महाराष्ट्रात बरीच लागवड झाली आहे, फुलला तरी बी धरत नाही. बागांमध्ये दिसणारा पिवळा, हिरव्या पट्ट्यांचा बॅम्बुसा व्हल्गारिस हाही बियांवर वाढवला जात नाही. कोकणातला माणगा सरळ, भरीव आणि बिनकाट्याचा म्हणून शेतकऱ्यांचा आवडता आहे, परंतु त्याचेही उगवणारे बी मिळत नाही आणि तो कंदांवरच लावावा लागतो. तेव्हा या तिघांचे बी म्हणून कोणी पाकीट दिले, तर आत दुसरेच काहीतरी आहे हे निश्चित समजावे. निळ्या, जांभळ्या किंवा काळ्याभोर बांबूची रंगवलेली छायाचित्रे छापलेल्या पाकिटांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोंधळ मोसो बांबूचा आहे. फायलोस्टॅचिस एड्युलिस या नावाचा हा चिनी बांबू खरोखरच मोठा होतो आणि त्याचे बी बाजारात सहज मिळते. परंतु तो समशीतोष्ण हवेचा आहे. त्याला थंड हिवाळा लागतो आणि त्याचे कंद बेट न करता जमिनीखालून लांबवर धावतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

उरतात ते दोन खात्रीचे बांबू: काटस आणि मानवेल. मानवेल म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस हा विदर्भाच्या जंगलातला मुख्य बांबू असून त्याचे बी काटसापेक्षा सहज मिळते, मात्र तो थोराड नाही. त्याची उंची साधारण ८ ते १६ मीटर आणि जाडी ३ ते ८ सेंटिमीटर असते. ज्यांची जमीन उथळ, मुरमाड आणि पाऊस कमी आहे त्यांनी मोठ्या बांबूचा हट्ट न धरता मानवेलच लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खोल पोयट्याची जमीन, नाल्याकाठ किंवा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस असेल, तर काटस लावावा.

फुललेले बेट ओळखणे

पूर्ण वाढलेला काटस २४ ते ३० मीटर उंच आणि १५ ते १८ सेंटिमीटरपर्यंत जाड होतो. त्याची पहिली खूण काट्यांची आहे. बेटाच्या तळाशी खालच्या गाठींमधून निघालेल्या आडव्या फांद्यांचे इतके दाट जाळे असते की आत हात घालता येत नाही, आणि या फांद्यांच्या गाठींवर दोन-दोन, तीन-तीन वाकडे, टणक काटे असतात. कोंबावरचे आवरण जाड, चामड्यासारखे असते. त्याच्या टोकाशी त्रिकोणी पाते असून त्या पात्याच्या आतल्या बाजूला गर्द तपकिरी लव दाटलेली असते. जमिनीवर पडलेली जुनी आवरणे उचलून ही लव पाहता येते आणि काटस ओळखण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

मानवेलीला काटे नसतात, तिचे खोड जवळजवळ भरीव असते आणि वय झाल्यावर ते पिवळट दिसते. जायगँटियसच्या कोवळ्या खोडावर पांढरी मेणचट भुकटी असते, तर अ‍ॅस्परच्या खालच्या कांड्यांवर मखमलीसारखी तपकिरी लव असते आणि गाठींभोवती मुळांची वलये दिसतात. बाल्कोआच्या गाठी फुगीर असून त्यांच्यावर पांढरट कडे दिसते. त्याच्याही खालच्या फांद्या कडक आणि टोकदार असल्यामुळे नवख्याला तो काटस वाटू शकतो, परंतु काटसाचे वाकडे जोडकाटे त्याला नसतात.

फुलोऱ्यावरूनही दोन मुख्य बांबू वेगळे करता येतात. मानवेलीची फुले गोल, काटेरी स्पर्शाच्या दाट गोंड्यांमध्ये येतात आणि हे गोंडे फांदीवर अंतराअंतराने ओवल्यासारखे दिसतात. काटसाचा फुलोरा मोकळा आणि प्रचंड असतो. पाने गळून गेलेला सबंध बांबू शेंड्यापर्यंत फुलोऱ्याच्या फांद्यांनी भरून जातो आणि लांबून बेट तांबूस-पिवळे दिसू लागते.

स्थानिक नावांवर मात्र फार विसंबू नये. एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन वेगळे बांबू ओळखले जातात. म्हणून बी देणाऱ्याकडून शास्त्रीय नाव, फुललेल्या बेटाचे ठिकाण आणि बी गोळा केल्याचा महिना या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. या तीन गोष्टी सांगता न येणाऱ्याकडून बी घेऊ नये. शक्य असेल तर फुललेल्या बेटाची, काट्यांची आणि पडलेल्या आवरणांची छायाचित्रेही ठेवावीत.

बी गोळा करणे आणि पारखणे

काटसाचे बी आपल्याकडे साधारण उन्हाळ्यात, मार्च ते मे या काळात गळते. त्याआधीच बेटाखालची जमीन झाडून स्वच्छ करावी, काटेरी फांद्या तोडून वाट करावी आणि जुनी धोतरे, ताडपत्री किंवा पोती अंथरावीत. सुरुवातीला गळणाऱ्या दाण्यांत पोचट आणि किडलेले दाणे अधिक असतात, त्यामुळे पहिला सडा बाजूला ठेवून मधल्या काळातले बी घ्यावे. एखाददुसरे बेट अवेळी फुललेले असेल तर त्याचे बी कमी आणि कमकुवत असण्याचा संभव असतो. सगळे रान एकदम फुलते तेव्हाचे बी घेणे केव्हाही चांगले.

येथे कायद्याचा मुद्दाही ध्यानात घ्यावा. वन हक्क कायदा, २००६ मध्ये बांबू हे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचे वनातले उत्पन्न, मानले गेले आहे आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत त्याविषयीचा निर्णय ग्रामसभेचा असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला, ही या बाबतीतली महत्त्वाची घटना आहे. म्हणून अशा गावातून बी घ्यायचे तर ग्रामसभेला विचारून आणि योग्य मोल देऊन घ्यावे. इतर वनक्षेत्रात वन विभागाची परवानगी घ्यावी, आणि अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून बी उचलण्याचा विचारही करू नये. स्वतःच्या शेतात वाढवलेल्या बांबूचा प्रश्न मात्र २०१७ च्या दुरुस्तीने सुटला आहे. वनाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्यामुळे तो तोडण्यासाठी पूर्वीसारखी अडचण राहिलेली नाही.

गोळा केलेले बी सावलीत दोन-तीन दिवस वाळवावे, हलक्या हाताने चोळून टरफले सुटी करावीत आणि सुपाने पाखडावे. काटसाचा दाणा गव्हाच्या दाण्याची लहान, सडपातळ आवृत्ती वाटावा असा असतो आणि त्याच्या एका अंगाला उभी खाच असते. मानवेलीचा दाणा त्याहून भरदार, तपकिरी, चकचकीत असून त्याचे टोक चोचीसारखे निमुळते असते. वजनातही फरक आहे. काटसाचे एका किलोत सुमारे ८० हजार दाणे बसतात, तर मानवेलीचे सुमारे ३० हजार. विकत घेतलेल्या बियांतले दहा ग्रॅम मोजून पाहिले, तर काटस म्हणून मानवेल दिली गेली आहे का, याचा अंदाज यावरून लगेच येतो.

दाणा जिवंत आहे का, हे तपासण्यासाठी वीस-पंचवीस दाणे धारदार पात्याने उभे कापावेत. आतला गर पांढरा, पिठूळ आणि भरलेला असेल तर दाणा चांगला. तो पोकळ, तपकिरी किंवा भुसभुशीत असेल, अथवा टरफलाला बारीक छिद्र असेल, तर तो गेलेला समजावा. पाण्यात टाकून तरंगणारे दाणे फेकून देण्याची पद्धतही आहे, परंतु टरफलासकट असलेला चांगला दाणाही आत हवा अडकल्यामुळे काही काळ तरंगतो. म्हणून चोवीस तास भिजल्यावरही जे वरच राहतील तेच काढून टाकावेत. खरी परीक्षा उगवणीची आहे. शंभर दाणे मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळावेत, फडके उबदार जागी ठेवून रोज ओलसर राखावे आणि तीन आठवड्यांत किती मोड आले ते मोजावे. साठाच्या पुढे आकडा गेला तर बी उत्तम आहे, आणि वीसच्या खाली असेल तर तेवढ्या प्रमाणात जास्त पेरावे किंवा नवे बी शोधावे.

साठवणीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ती शक्यतो करूच नये. साध्या खोलीत, पावसाळ्याच्या दमट हवेत बांबूच्या बियांची उगवणशक्ती काही महिन्यांतच झपाट्याने घटते. ठेवावेच लागले तर ते नीट सुकवून, हवाबंद काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. अशा रीतीने ते वर्षभर आणि त्याहून जास्तही टिकू शकते. बरणीवर जात, ठिकाण आणि महिना लिहिलेली चिठ्ठी लावावी. ही माहिती पुढे रोपाबरोबर आणि बेटाबरोबर जायला हवी, कारण चाळीस वर्षांनी बेट केव्हा फुलेल याचा अंदाज त्या एका तारखेवरूनच बांधता येणार आहे.

किती बी लागते

येथे नवखे लोक हमखास गरजेपेक्षा जास्त बी घेतात. काटस ५ मीटर बाय ५ मीटर अंतरावर लावला तर एकरी साधारण १६० रोपे बसतात. दहा ग्रॅम बियांत सुमारे ८०० दाणे असतात, त्यातले निम्मे उगवले तरी ४०० रोपे होतात, आणि त्यातली दुबळी रोपे काढून टाकून उत्तम तेवढी निवडली तरी एकराची गरज भागून नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरण्यापुरती रोपे उरतात. बी ताजे असेल तर एका एकरासाठी दहा ते पंधरा ग्रॅम पुरे आहे.

पेरणी

बी मे महिन्यात हाती आले की लगेच पेरावे, म्हणजे पाऊस लागण्यापूर्वी उगवण पूर्ण होते आणि जून-जुलैच्या दमट हवेत रोपे पिशवीत हलवता येतात.

पेरणीआधी बी चोवीस तास स्वच्छ पाण्यात भिजवावे आणि मध्ये एकदा पाणी बदलावे. नंतर पाणी निथळून ट्रायकोडर्मा या उपयोगी, रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या बुरशीची भुकटी पाकिटावर दिलेल्या प्रमाणात चोळावी. थोडी रोपे करायची असतील तर तळाला भोके असलेले चार इंच खोल ट्रे वापरावेत. जास्त करायची असतील तर एक मीटर रुंदीचा, जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करावा. पोयट्याची माती, वाळू आणि चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत समान भागांत घ्यावे. अर्धकच्चे शेणखत मुळीच वापरू नये, कारण त्यातून बुरशी आणि हुमणी दोन्ही येतात.

बोटभर अंतरावर ओळी काढून दाणे एकमेकांना न चिकटतील असे टाकावेत आणि त्यांच्यावर अर्धा ते एक सेंटिमीटर माती पसरावी. दाणा याहून खोल गेला तर कोंब वर येण्याआधीच दाण्यातले अन्न संपते. वर भाताचा पेंढा अंथरून बारीक छिद्रांच्या झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, आणि कोंब दिसू लागताच पेंढा काढून टाकावा. काटसाची उगवण उघड्या उन्हापेक्षा विरळ सावलीत चांगली होते. त्यासाठी ५० टक्क्यांची शेडनेट किंवा नारळाच्या झावळ्यांचा मांडव पुरतो.

दाण्यांची राखण हे पेरणीइतकेच महत्त्वाचे काम आहे. बांबूचे बी हे खाण्याचे धान्य आहे. दुष्काळात माणसांनी ते भातासारखे शिजवून खाल्ले आहे आणि रान फुलले की उंदरांची संख्या वाढते. मिझोराममध्ये १९५८-५९ साली बांबू फुलल्यानंतर उंदरांनी पिके फस्त केली आणि दुष्काळ पडला, ही इतिहासातली नोंद आहे. वाफ्याला बारीक तारेची जाळी बसवली नाही, तर उंदीर, कोंबड्या, चिमण्या आणि मुंग्या मिळून दोन रात्रींत सगळे साफ करतात.

पहिले कोंब साधारण आठवड्याभरात दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत उगवण पूर्ण होते. ‘बांबू पेरल्यावर पाच वर्षे जमिनीवर काहीच दिसत नाही आणि मग तो एकदम वाढतो’ अशी एक गोष्ट भाषणांतून फार सांगितली जाते. ती खरी नाही. महिनाभरात काहीच उगवले नाही, तर बी मेलेले आहे हे स्वीकारून दुसरे बी शोधावे आणि रिकाम्या वाफ्याला पाणी घालत बसू नये.

उगवलेले रोप बांबूचेच आहे का

बनावट बियांची ओळख या टप्प्यावर पूर्णपणे पटते. बांबूचा कोंब प्रथम सुईसारखा टोकदार वर येतो. त्याच्यावर सुरुवातीला पात्याविनाच आवरणे असतात आणि मग पहिले पान उलगडते. पानाच्या तळाशी, जिथे ते खोडाला गुंडाळलेल्या आवरणाला मिळते तिथे, पान एकदम अरुंद होऊन बारीक देठासारखा भाग तयार झालेला दिसतो. बहुतेक साध्या गवतांत असा देठ नसतो आणि पाते थेट आवरणातून रुंदच निघते. भिंगाने पाहिले तर हा फरक दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच स्पष्ट होतो. शंका राहिलीच तर एक रोप अलगद उपटून पाहावे. मुळाशी चिकटलेला दाणा आपण पेरलेल्या दाण्यासारखाच आहे का, यावरून वाफ्यात आपसूक उगवलेले गवतही ओळखता येते.

काटसाची रोपे लहानपणी इतकी नाजूक असतात की हे पुढे शंभर फुटांकडे जाईल असे वाटत नाही. काटे लगेच येत नाहीत. ते बहुधा पहिल्या वर्षाच्या सुमारास बाजूच्या फांद्यांवर दिसू लागतात, त्यामुळे दोन महिन्यांच्या रोपाला काटे नाहीत म्हणून ते काटस नव्हे, असा निष्कर्ष काढू नये.

काही रोपे पूर्ण पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची निघतात. बांबूत हे नेहमी घडते. पूर्ण पांढऱ्या रोपात हरितद्रव्य नसल्यामुळे दाण्यातले अन्न संपताच ते मरते, म्हणून त्याला खत घालून वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

या काळातला खरा शत्रू म्हणजे मर रोग. दाट पेरणी, साचलेले पाणी आणि कोंदट सावली यांमुळे रायझोक्टोनियासारख्या बुरशीची लागण होते, रोपे मातीलगत मऊ पडून आडवी होतात आणि एका कोपऱ्यातून ही लागण भराभर पसरते. लागण दिसताच ती रोपे मातीसकट काढावीत, पाणी एक वेळचे करावे आणि सावली विरळ करावी. संध्याकाळी उशिरा पाणी देणे तर पूर्णपणे बंद करावे.

पिशवीतले वर्ष

रोपाला तीन-चार पाने आली की त्याला पिशवीत हलवावे. साधारण १५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच पिशवी पुरते. रोप पानांना धरून उचलू नये. काडीने मुळाखालची माती उचकटून ते गड्ड्यासह काढावे, चिकटलेला दाणा तोडू नये आणि पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर लावावे. हे काम ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करावे आणि पुढचे दोन आठवडे पिशव्या सावलीत ठेवाव्यात.

यानंतर जे घडते ते समजून घेतले, तर बांबूची पुढची सगळी वाढ समजते. बांबूचे खोड उगवते त्याच जाडीचे राहते. ते झाडासारखे वर्षानुवर्षे जाड होत नाही. रोपाचा पहिला कोंब सुतळीइतका असतो आणि तो तेवढाच राहतो. काही आठवड्यांनी तळाशी कंद तयार होऊ लागतो व त्यातून दुसरा, पहिल्यापेक्षा थोडा जाड आणि उंच कोंब निघतो, मग तिसरा. दरवेळी कंद मोठा होतो आणि पुढचा कोंब आधीच्यापेक्षा थोराड येतो. म्हणून रोप किती उंच झाले यापेक्षा त्याला किती फुटवे आले आणि शेवटचा फुटवा किती जाड आहे, याकडे लक्ष द्यावे. निवडही यावरूनच करावी. वर्षाच्या शेवटी ज्याला चार-पाच फुटवे आहेत आणि प्रत्येक फुटवा आधीच्यापेक्षा जाड आहे, ते रोप शेतात न्यावे. एकाच उंच काडीवर राहिलेले रोप कितीही हिरवेगार दिसले तरी बाजूला ठेवावे.

याच काळात रोपांची संख्या वाढवण्याची एक सोपी रीत वापरता येते. पाच-सहा महिन्यांच्या रोपाला अनेक फुटवे आलेले असतात. पिशवी फाडून माती धुऊन टाकली की प्रत्येक फुटव्याचा आपापला कंद आणि मुळे दिसतात. धारदार कात्रीने कंदाच्या जोडावर कापून, प्रत्येक भागात फुटवा, कंद आणि मुळे ही तिन्ही राहतील अशा बेताने रोप विभागावे आणि भाग वेगवेगळ्या पिशव्यांत लावून पुन्हा सावलीत ठेवावेत. ज्यांना बी थोडेच मिळाले आहे त्यांना याचा मोठा उपयोग होतो. विभागणी मात्र उत्तम रोपांचीच करावी, कारण विभागलेल्या भागांत मूळ रोपाचेच गुण उतरतात.

तीन महिन्यांची रोपे त्याच पावसाळ्यात शेतात लावण्याची घाई अनेक जण करतात. माझा सल्ला असा की थांबावे. बारा-तेरा महिन्यांचे, कंद धरलेले रोप पुढच्या जूनमध्ये लावले, तर ते पहिला उन्हाळा काढू शकते. कोवळे रोप सहसा काढू शकत नाही.

शेतात

उन्हाळ्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन ते तापू द्यावेत. वरची माती, एक पाटी कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून खड्डे भरावेत आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. अंतर ५ मीटरपेक्षा कमी ठेवू नये. काटसाच्या बेटाचा घेर आणि त्याचे काटे पाहता, बेटांमधून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर न्यायचा असेल तर ६ मीटर अंतर ठेवावे. घराची भिंत, विहीर आणि शेजाऱ्याचा बांध यांपासून बेट बऱ्याच अंतरावर असावे, कारण एकदा वाढलेला काटस हलवणे जवळजवळ अशक्य असते. पाणी साचणाऱ्या चिकणमातीत तो लावू नये. नाल्याकाठी लावताना पाण्याचा तळ टाळून काठाचा उंच भाग निवडावा.

पहिली दोन वर्षे तण काढणे, आच्छादन करणे आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देणे, एवढी कामे चुकवू नयेत. नवे कंद आधीच्या कंदांपेक्षा थोडे वरच्या अंगाला येतात आणि उघडे पडतात, म्हणून दर पावसाळ्याआधी बुंध्याशी माती चढवावी. पहिल्या वर्षी शेळ्या आणि नीलगाई पाला खातात, तर पुढे कोंब येऊ लागले की रानडुकरे आणि साळिंदरे ते उकरतात. जंगलालगतच्या शेतात कुंपणावाचून लागवड करू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून काट्यांचे काम सुरू होते. जमिनीपासून दीड-दोन मीटरपर्यंतच्या बाजूच्या काटेरी फांद्या दर हिवाळ्यात गाठीलगत कापून टाकाव्यात. हे काम लहानपणीच केले तर बेट मोकळे राहते. चार वर्षे दुर्लक्ष केले तर आत शिरायला वाट राहत नाही आणि चांगले बांबू असूनही तोडता येत नाहीत. हातात जाड चामडी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय या कामाला हात लावू नये.

कोंब पावसाळ्यात येतात आणि तीन-चार महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठतात. या काळात बेटात शिरू नये, कारण कोंबाचे टोक मोडले तर तो बांबू वाया जातो. दरवर्षीचे कोंब आधीच्या वर्षीपेक्षा जाड येत जातात आणि सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास काटस आपला खरा आकार दाखवू लागतो. प्रत्येक वर्षीच्या बांबूंवर त्या वर्षाचा आकडा तैलरंगाने लिहून ठेवावा, म्हणजे तोडताना वय शोधत बसावे लागत नाही.

पहिली तोड सहाव्या वर्षाच्या आसपास करावी. ती पाऊस संपल्यानंतर, ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत करावी. तीन वर्षांहून जुनेच बांबू घ्यावेत. बेटाची ज्या बाजूला नवी वाढ चालू आहे ती सोडून विरुद्ध बाजूने आत वाट काढावी आणि आतले जुने बांबू तोडावेत, म्हणजे उरलेले बेट वरून पाहता घोड्याच्या नालेसारखे दिसते आणि बाहेरच्या कडेचे तरुण बांबू नव्या कोंबांना आधार देतात. कापताना जमिनीवर एक-दोन गाठी ठेवून गाठीच्या अगदी वर घाव घालावा. कांड्याच्या मध्यावर कापले तर उरलेल्या पोकळीत पाणी साचून खोड कुजते. गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे बांबू मात्र कितीही भाव आला तरी तोडू नयेत, कारण पुढच्या पावसाळ्यातले कोंब त्यांच्याच कंदांवर येणार असतात.